पसरणीचा घाट आणि खिशातले शेंगदाणे

साताऱ्याहून सायकलवर वाईकडे निघावे तर जानेवारीतल्या पहाटेसारखी वेळ नाही. अंतर पस्तीसेक किलोमीटर. रस्त्याला उसाच्या गाड्या भेटतात, वाईच्या आसपास हळदीचा पाला वाळू लागलेला असतो. कृष्णेकाठच्या ढोल्या गणपतीला हात जोडून पुढे गेले की पसरणी, शाहीर साबळ्यांचे गाव. तिथून पाचगणीचा चढ लागतो.

दोन वर्षांपूर्वी याच घाटात मी बसकण मारली. रक्तात साखर आढळली होती. गोळी नव्हती, नुसते पथ्य. डॉक्टर म्हणाले, भाकरी, भात, साखर कमी करा. मी उत्साहाच्या भरात बंदच केले! त्या पहाटे दोन अंडी आणि बिनसाखरेचा चहा एवढ्यावर निघालो. वाईपर्यंत मजेत आलो. घाटात मात्र पाय शिशासारखे जड झाले, गार घाम सुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दरीच्या कठड्याला टेकून बसलो. एका टेम्पोवाल्या पोराने गाडी थांबवली, “मामा, खावा ह्यो,” म्हणत गुळाचा खडा हातावर ठेवला. आयुष्यभर लोकांना खताच्या मात्रा सांगितल्या आणि स्वतःची मात्रा चुकलो.

त्याचे कारण असे. पिष्टमय अन्नातून आलेली साखर यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम साठते. हा हाताशी ठेवलेला डबा समजा. चरबीचे पेव मात्र किरकोळ माणसाच्या अंगातही काही किलोंचे असते. सपाटीला, गप्पा मारत सायकल चालते तोवर शरीर पेवातून बरेच भागवते. पण चरबी सावकाश जळते. चढाला दम लागला की डब्यातलेच लागते. पिष्टमय खाणे तोडले की डबा आधीच अर्धामुर्धा. नव्या आहाराची सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि नंतरही उभा चढ जडच जातो. शिवाय अशा आहारात लघवीवाटे मीठ जास्त जाते, त्यानेही गळून गेल्यासारखे होते.

या जानेवारीत पुन्हा निघालो. आदल्या रात्री पिठले, मेथी आणि एक भाकरी. खिशात भाजलेले शेंगदाणे. 100 ग्रॅमला सुमारे 25 ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ दुप्पट तेल. ते सपाटीलाच, थोडे थोडे खायचे. घाटात तोंडात टाकून लगेच उपयोग नाही. बाटलीत मीठ घातलेले ताक. पसरणीत थांबून एक केळे खाल्ले. पथ्य मोडले म्हणाल, तर ते चढातच जळून जाते असे माझे मत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र माझे पाहून काही करू नये. औषध आणि श्रम मिळून साखर एकाएकी उतरू शकते. त्याने आधी डॉक्टरांना विचारावे, आणि गूळ-साखर जवळ ठेवावी.

दोनदा उतरलो, थोडी सायकल ढकललीही. वरून धोमचे पाणी आणि सारे वाई खोरे दिसले. पाचगणीत स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडल्या होत्या, चार फळे खाल्ली. गुळाचा खडा तसाच परत आला. सौभाग्यवतींनी खिसा तपासला, खडा पाहिला आणि काही न बोलता डब्यात टाकला.