अम्मीची काळी शेळी

अम्मीच्या दोन शेळ्या होत्या, काळ्याभोर, उस्मानाबादी. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेलं शेजारच्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. आमच्या बीडच्या बाजारात शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. बोरी-बाभळीच्या पाल्यावर निभावणारी, बऱ्याचदा जुळी देणारी ही जात दुष्काळी मराठवाड्यातच घडली. ऊसतोडीला जाणारी माणसंही तिला सोबत नेतात. तिला गरिबाची गाय म्हणतात. आमच्याकडे ती बँक होती. माझ्या अकरावीच्या फीसाठी अम्मीने बकरी ईदच्या तोंडावर हाताने वाढवलेला बोकड विकला. पैसे माझ्या हातात दिले, आणि त्या रात्री ती जेवली नाही. आज मी नोकरीला आहे. त्या बोकडाचं दावं अजून खुंटीला आहे.