नदीकाठचा पोयटा

गाळाने बनलेली मळीची जमीन म्हणजे निर्धास्त जमीन, काहीही लावा, पिकणारच, हा समज मला अर्धाच खरा वाटतो. या जमिनीचा गुण आणि दोष एकाच मुळातून येतात, कणाच्या आकारातून. पोयट्याच्या जमिनीत भरणा असतो तो ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरच्या गाळकणांचा. पूर पात्राबाहेर पसरून मंदावला की जड रेती काठालगत बसते आणि हा मधला गाळ पुढे जाऊन निवळतो. ओली चिमूट बोटांत चोळून पाहावी. ती रेतीसारखी करकरत नाही, चिकणमातीसारखी चिकटत नाही, पिठासारखी मऊ लागते आणि तिची वळी करू जावे तर लगेच तुटते.

कोणी म्हणेल, पाणी धरण्यात काळी जमीन वरचढ. एकूण पाणी ती जास्त धरते, हे खरेच. पण त्यातले बरेचसे चिकणमातीच्या कणांनी इतके घट्ट धरलेले असते की मुळांना ओढता येत नाही. हाताला ओल लागते आणि पीक मात्र माना टाकते. पोयट्यातल्या पाण्याचा मोठा वाटा पिकाला मिळतो. पण चिकणमाती कमी म्हणून ढेकूळ कच्चे राहते. पेरणीनंतर पावसाचा सपाटा आला की ते विरघळते, सुटे कण पोकळ्या बुजवतात, वर ऊन पडले की पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच अडकतात. उघड्या रानातून पाण्याबरोबर आधी निघते तीही हीच माती.

मग पूर नवा गाळ आणतोच की! पण तो भरवशाचा नाही. आस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पूर्ण झाले आणि नाईलकाठच्या शेतांवर वर्षानुवर्षे पसरणारा गाळ धरणातच अडकू लागला. शिवाय पूर नेतोही. २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठी जमिनी खरडून गेल्या. आणि ढेकळे बांधून ठेवण्याचे काम गाळ करत नाही, ते मुळे, गांडुळे आणि कुजणारा पालापाचोळा करतात. म्हणून नदीकाठच्या उसात पाचट पेटवलेले मला फार खटकते. थेंबांचा मार अंगावर घेणारे आणि कुजून कण बांधणारे जे आयते हाताशी आहे, तेच जाळायचे? पाचटाने पाणी द्यायला अडचण होते, ही तक्रार रास्त आहे. तेव्हा ते एकाआड एक सरीत दाबावे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावे.