गाडी थांबू दे, मुक्कामाला नको

पार्किंगचा अभ्यास करायला फारशी साधनं लागत नाहीत. कागद, पेन्सिल आणि उन्हात चालायची तयारी पुरते. सकाळी गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे टिपायचे आणि दर तासाला तीच फेरी पुन्हा मारायची. काही नंबर कागदावर एकदाच येतात. ही माणसं औषध घ्यायला, पोराला क्लासला सोडायला आलेली असतात. काही नंबर मात्र सकाळच्या रकान्यात दिसतात ते थेट रात्रीच्या रकान्यापर्यंत हलत नाहीत. वाहतूक नियोजनात इतकी वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की निर्बंध घालायचा तो या दुसऱ्या गाड्यांवर. आपल्याकडे ‘नो पार्किंग’चा फलक लागला की पहिला दंड मात्र औषधवाल्याला होतो.

डहाणू रोड स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्यांत हे लख्ख दिसतं. 2013 साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली. पहाटेच्या गाडीने बोईसर, विरार, अंधेरी गाठणारे नोकरदार वाढले आणि त्यांच्या दुचाकी दिवसभर कुणाच्या तरी फाटकासमोर उभ्या राहू लागल्या. विरार–डहाणू चौपदरीकरण पूर्ण झाल्यावर गाड्या वाढतील, तशा या दुचाकीही वाढतील. शिवाय घोलवड, बोर्डी, कासा इथून बाजाराला येणारे, गुजरात पासिंगच्या गाड्या, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर निघालेले पर्यटक. सगळ्यांची गाठ त्याच अरुंद रस्त्यांवर पडते.

हिशेब साधा आहे. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या, तर एकेक मोटार आरसा आणि गटारापासूनचं अंतर धरून जवळपास दोन मीटर खाते. मधे उरतात जेमतेम दोन मीटर. रुग्णवाहिका कशीबशी शिरली तरी तिचं बाजूचं दार उघडत नाही आणि अग्निशमनाचा बंब तोंडाशीच अडकतो. एका बाजूच्या मोटारी काढल्या की चार मीटर मिळतात. बंब आत जातो, शाळेतून येणाऱ्या मुलांना कडेने चालता येतं. अशा गल्लीत एकाच बाजूला पार्किंग हा नियम मी कोणत्याही सबबीवर सोडणार नाही. सम-विषम तारखेची पी-1, पी-2 पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. ती वापरली तर एकाच घराच्या दारात कायम गाडी, असंही होत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 117 नुसार राज्य शासनाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वाहनं उभी करण्याच्या जागा ठरवता येतात, आणि त्या बेमुदत की ठरावीक वेळेपुरत्या, हेही ठरवता येतं. वेळेचं हे हत्यार आपण जवळपास वापरतच नाही. दिवसा दोन तासांची मर्यादा घाला; डॉक्टरकडे आलेल्याची, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याची काही अडचण होणार नाही.

रात्रीचा प्रश्न रहिवाशांचा आहे, आणि इथे स्पष्ट बोललं पाहिजे. घर माझं म्हणून समोरचा रस्ता माझा होत नाही. इमारतीच्या मंजूर नकाशात तळमजल्यावर पार्किंग दाखवायचं, मग तिथे गाळे काढायचे, गोदाम करायचं आणि गाड्या रस्त्यावर आणायच्या, हा प्रकार राज्यभर चालतो. नगर परिषदेने नवे नियम करण्याआधी हे जुने नकाशे बाहेर काढावेत. जपानने 1962 साली कायदा करून मोटार घेणाऱ्याला जागेचा पुरावा देणं बंधनकारक केलं. पुण्याच्या महापालिकेने मार्च 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, पण विरोध होताच ते पाच रस्त्यांपुरतं आवरलं. इतकं मोठं शहर कचरलं, कारण तोवर मोटारींची संख्या आणि मोटारवाल्यांचा आवाज दोन्ही हाताबाहेर गेले होते. डहाणूत अजून तसं झालेलं नाही.

‘मग जागा करा की’, असं म्हणणारे चिकूच्या वाड्यांकडे आणि खाडीकाठाकडे बोट दाखवतात. मला हे अजिबात मान्य नाही. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने पुढे दोन दशकांहून जास्त काळ त्याची राखण केली. ती मोटारींच्या मुक्कामासाठी खर्ची घालायची नाही. दुचाकींसाठी स्टेशनलगत, आधीच बांधलेल्या जमिनीवर मजली तळ करावा आणि मासिक पास नोकरदाराला सहज परवडेल असा ठेवावा. तळ आधी, दंड नंतर. दुचाकीवाल्याला पर्याय न देता दंड केला तर तो पुढच्या गल्लीत जाईल, एवढंच.

तलासरीत हेच अवजड वाहनांच्या बाबतीत घडतं. महामार्ग 48 वर रात्रभर चालवून आलेला ट्रेलरवाला सेवारस्त्यावर, पाड्याच्या तोंडाशी गाडी लावून झोपतो. त्याला पाणी, शौचालय आणि उजेड असलेली जागा हवी. ती नसताना त्याला हाकललं तर तो पुढच्या पाड्याशी थांबेल, किंवा पेंगत गुजरातची हद्द ओलांडेल, आणि ते जास्त भयंकर. त्यात 30 ऑगस्ट 2024 रोजी डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. बंदराचा रस्ता वस्ती टाळून गेला तरी कंत्राटदारांच्या जीपा, डंपर आणि चालक राहायला गावातच येणार. ट्रकतळाची जागा आत्ताच राखून ठेवली नाही, तर नंतर ती कुणी देणार नाही.

पार्किंगच्या नव्या नियमांच्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा मला तीन सवलती त्यात हव्या आहेत: पहाटे मासळी उतरवणाऱ्या टेम्पोला ठरलेली वेळ, प्रवासी घेणाऱ्या रिक्षांना आखलेला थांबा आणि अपंगांच्या वाहनाला दारापर्यंत मुभा. आणि दुचाकीतळाच्या पासातून जमेल तो पैसा स्टेशनजवळच्या याच गल्ल्यांच्या गटारांवर आणि दिव्यांवर खर्च व्हावा, तसा ठराव नगर परिषदेने आधी करून घ्यावा.