माया आणि मोजमाप

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही, एखादा उपाय तरी घेऊन येतोच. त्यातून कॅन्सर म्हटला की विचारूच नका! आमच्या सौभाग्यवतींच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर मिरजेला उपचार चालू होते, तेव्हा कवठे महांकाळच्या आमच्या घरी हळदीचं दूध, गव्हांकुराचा रस, गोमूत्र, कुठल्याशा झाडाची साल अशी यादीच झाली होती. सांगणाऱ्यांची माया खरी होती, त्याबद्दल शंका नाही. पण मायेनं सांगितलेला उपाय खरा की खोटा, हे ठरवायचं कसं?

याचं उत्तर मला वॉर्डातल्या सिस्टरांकडून मिळालं. फाइव्ह-एफयू नावाचं औषध शिरेतून द्यायच्या पाच मिनिटं आधी त्या सौ.ला बर्फाचे खडे तोंडात धरायला देत आणि अर्धा तास धरायला लावत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "काका, या औषधानं तोंड येतं. बर्फानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग औषध तिथं कमी पोचतं." शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना मात्र बर्फ नाही, प्यायचं पाणीसुद्धा कोमट! त्यांचं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन. त्यावर गार लागलं की घशात आणि बोटांत मुंग्या येतात. एकाला जो उपाय, तोच दुसऱ्याला अपाय. बर्फाचा हा उपयोग अमेरिकेत रुग्णांचे दोन गट करून तपासला गेला आणि १९९१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तो ऐकीव सल्ला राहिला नाही.

आपल्या आल्याचंही तसंच. दिल्लीच्या एम्समधल्या नर्सिंग कॉलेजने तिथल्या डॉक्टरांबरोबर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. हाडांच्या कॅन्सरची मुलं आणि तरुण रुग्ण घेतले. उलटीची नेहमीची औषधं सर्वांना चालूच ठेवली. वर काहींना आल्याच्या पुडीच्या कॅप्सूल, काहींना दिसायला तशाच, पण आलं नसलेल्या. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. आलं न मिळालेल्यांच्या ३० केमोंपैकी २३ वेळा सुरुवातीलाच बऱ्यापैकी किंवा जोराच्या उलट्या झाल्या, आलं मिळालेल्यांच्या २७ पैकी ९ वेळा. अभ्यास लहान आहे, पण प्रश्न विचारायची रीत पाहा. आल्यानं कॅन्सर बरा होतो, असा दावा त्यात कुठेही नाही. उलटी कमी होते का, एवढंच विचारलं आणि तेवढंच मोजलं.

पूरक आणि पर्यायी यांत फरक आहे तो इथेच. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ साली, बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही नुसते पर्यायी उपाय घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना रीतसर उपचार घेणाऱ्यांशी केली. मृत्यूचा धोका अडीच पट निघाला.

मग मळमळ, तोंड येणं, झोप न लागणं या किरकोळ गोष्टी म्हणायच्या का? मुळीच नाही. तिसऱ्या केमोनंतर सौ. म्हणाली, "आता पुरे. मला घरी न्या." मरणाला ती भ्यायली नव्हती, उलट्यांना कंटाळली होती. सिस्टरांनी समजूत घातली नाही. विचारलं, "शून्य ते दहात मळमळ किती?" "आठ." तो आकडा कागदावर चढला, डॉक्टरांनी पाहिला, औषध बदललं. पुढच्या वेळी आकडा तीनवर आला आणि उरलेले केमो पार पडले. नुसतं "फार त्रास होतो" म्हटलं असतं, तर कदाचित ऐकून घेतलं गेलं असतं, इतकंच.

शाळेत आपण फ्लोरेन्स नाइटिंगेल शिकवतो ती दिवा घेतलेली. त्याच बाईंनी क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची कारणं आकड्यांत आणि आकृत्यांत मांडून १८५८ साली सरकारपुढे ठेवली, हे आपण मुलांना सांगत नाही. सांगायला हवं. परिचारिकेच्या एका हातात दिवा असेल, तर दुसऱ्या हातात वही असते.

तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर एक दोनशे पानी वही घ्या. काय खाल्लं, कुठं दुखलं, किती दुखलं, कोणी कसला काढा दिला, सगळं तारखेसकट लिहा आणि सिस्टरांना दाखवा. काढा लपवू नका. तो औषधाच्या आड येऊ शकतो. आजाऱ्याजवळ बसून नुसतं हळहळण्यापेक्षा ही वही लिहिणं जास्त उपयोगी पडतं.