नको, नक्को

मराठीत नकार दोन प्रकारचा असतो. 'चहा नाही' म्हणजे घरात चहाच नाही. 'चहा नको' म्हणजे चहा आहे, मन नाही. 'नाही' वस्तुस्थिती सांगते, 'नको' इच्छा. हिंदी-उर्दूत या इच्छेसाठी वेगळा शब्द नाही. हैदराबादकडच्या दख्खनी उर्दूने तो मराठीकडून घेतला आणि त्याचा 'नक्को' झाला. हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला वसलेल्या अंबरपेठेत तो दिवसभर कानी पडतो, रिक्षाशी घासाघीस करताना तर हमखास. तो मुळात मराठी आहे हे म्हणणाऱ्याच्या गावीही नसते. 'च'चेही तसेच. मराठी माणसाचा सारा हेका ज्या एका अक्षरात मावतो, ते 'मैंइच', 'ऐसाइच' होऊन दख्खनीत मुरले आहे.

उसनवारी सहसा नामांची होते. हैदराबादच्या निजामांच्या, म्हणजे आसफजाही घराण्याचे पूर्वज ख्वाजा आबिद समरकंदकडचे, आजच्या उझबेकिस्तानातले. त्यांचा किताब कुलीच खान. कुलीच म्हणजे तलवार, आणि उझबेकीत आजही तोच शब्द आहे. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात ते कामी आले. ती तलवार मराठीत आली नाही, पण तिकडचीच 'कैची' आली, आणि आखाड्यातला डावही झाली. दरबारातून असे शब्द उतरतात. 'नको' आणि 'च' यांना मात्र शेजार लागतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

निजामाच्या राज्याने भाषेला मान देणे ही निराळी गोष्ट. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे झाले, तेव्हा राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे बहुसंख्य होते. केशवराव कोरटकरांसारख्यांनी उभी केलेली विवेकवर्धिनी शाळा मराठीची वाट राखून होती. १९३१ चे साहित्य संमेलन ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेतच भरले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मराठवाडा निघून गेला. काचीगुडा-अंबरपेठेकडची मराठी घरे राहिली.

त्या घरांतल्या मुलांना तेलुगूतली एक गोष्ट शिकवावी लागत नाही. 'मनम' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, 'मेमु' म्हणजे त्याला सोडून आम्ही. हिंदीच्या 'हम'मध्ये आणि उझबेकीच्या 'बिज'मध्ये हा भेद नाही. अंबरपेठेतले मराठी मूल बोनालू सणाच्या मिरवणुकीला निघताना शेजारच्या पोराला 'मनम' म्हणून हाक देते, आणि घरी आईला सांगते, 'आम्ही जाऊन येतो.'