सातबाऱ्यावरचा बोजा आणि कॉम्प्युटरमधला बोजा

वडिलांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. फेडलंही त्यांनीच. निल दाखला पत्र्याच्या पेटीत घडी करून ठेवलेला सापडला. पण गेल्या महिन्यात सातबारा काढला, तर इतर हक्काच्या रकान्यात बोजा जसाच्या तसा. पोराच्या कॉलेजच्या फीसाठी वीस गुंठे विकायला काढले होते, विसारही ठरला होता. गिऱ्हाइकानं उतारा पाहिला आणि म्हणाला, "पत्रकार, आधी एवढं कमी करून आणा, मग बोलू."

त्याच आठवड्यात पुण्याहून भाचा शेवगावला आला. तो लिनक्सच्या कर्नेलवर काम करतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं काम. बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात, तुमचा-माझा अँड्रॉइड फोनही. माझी रड ऐकून हसला. म्हणाला, "मामा, आमच्याकडे रोज हेच चालतं."

मी डिप्लोमावाला पत्रकार, कॉम्प्युटरमध्ये बातमी टाइप करण्यापलीकडे गती नाही. पण त्यानं जे सांगितलं ते मला लगेच कळलं, कारण ते सगळं सातबाऱ्याचंच आहे.

कर्नेलमध्ये प्रत्येक नेटवर्क जोडणीची एक नोंद असते, आणि त्या नोंदीवर एक आकडा. एखाद्या कामाला ती जोडणी वापरायची असली की आकडा एकानं वाढवायचा, काम झालं की कमी करायचा. शून्य झाला की जोडणी मोकळी, तिची जागा दुसऱ्याला. वाढवला आणि कमी करायला विसरलं, तर काम संपलं तरी जोडणी अडकून बसते. माझे वीस गुंठे, दुसरं काय! उलटं झालं तर जास्त वाईट. कर्ज बाकी असताना बोजा कमी केला, तर जमीन परस्पर दुसऱ्याला विकली जाते. तसं कर्नेलमध्ये वापरात असलेली जागा दुसऱ्याला दिली जाते, आणि तिथूनच चोर आत शिरतात.

अडकण्याचा प्रकार तर जगजाहीर आहे. अमुक जोडणी मोकळी होण्याची वाट पाहतोय, वापरसंख्या १, अशी ओळ दर दहा सेकंदांनी पडद्यावर येत राहते. डॉकर वापरणारे लोक २०१४ पासून या ओळीनं बेजार होते. गंमत अशी की तो १ कुणाचा हे ओळीत लिहिलेलंच नसतं. कुणीतरी धरून बसलंय, पण कोण?

मग भाच्यानं नावं दाखवली, आणि मी जरा सावरून बसलो. नावांचा धंदा आपला आहे ना.

'डेव्ह गेट बाय नेम' नावाचं एक फंक्शन आहे. नाव सांगा, ते जोडणी शोधून देतं आणि आकडा वाढवतं. काम झालं की 'डेव्ह पुट' करून परत करायची जबाबदारी तुमची. त्याच नावाच्या आधी दोन अंडरस्कोर लावले की दुसरं फंक्शन होतं. तेही शोधून देतं, पण आकडा वाढवत नाही. कुलूप तुमच्या हातात आहे तोवरच वापरायचं. शेवटी 'आरसीयू' लावलेलं तिसरं, तेही आकडा वाढवत नाही. तिघांच्याही नावात 'गेट', म्हणजे घेणे. नोंद करून घेणारं एकच. कचेरीत बसून दप्तर चाळणं आणि सही करून दप्तर घरी नेणं, दोन्हीला एकच शब्द! 'आयपी डेव्ह फाइंड' तर आणखी पुढचं. नाव म्हणतं 'शोध', आणि हळूच बोजा चढवून मोकळं होतं. वाचणाऱ्याला वाटतं, नुसतं शोधलंय, परत काय करायचंय?

मला आमच्या मथळ्यांची आठवण झाली. 'तालुक्याला पाच कोटी' असं छापलं की लोक समजतात पैसे आले. मंजूर झाले, वर्ग झाले की नुसती घोषणा झाली, हे चौथ्या परिच्छेदात. तिथपर्यंत वाचतो कोण? मी स्वतः असे मथळे दिलेत, नाकारत नाही.

"मग नावं बदला की," मी म्हटलं. तर म्हणे ती फंक्शनं ठिकठिकाणांहून बोलावली जातात, जुन्या लोकांच्या हाताला तीच सवय. नाव बदलणं सोपं नसतं हे आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. २०२४ ला अहिल्यानगर झालं, माझ्या पेटीतले सगळे कागद अहमदनगरचे. बोजा मात्र नाव बदललं म्हणून सुटत नाही. तिकडेही जोडणीचं नाव बदललं तरी आकडा तोच राहतो.

त्यांनी वेगळा उपाय काढला. गूगलमधल्या एरिक ड्युमाझे यांनी मांडलेली पद्धत २०२२ च्या ५.१७ आवृत्तीत आली. तपासणीसाठी ती चालू ठेवली, की आकडा वाढवणाऱ्याची चिठ्ठी ठेवता येते: कुठून घेतला, कुणी घेतला. २०२३ मध्ये 'नेटडेव्ह गेट बाय नेम' अशी नवी फंक्शनं आली, त्यांना चिठ्ठी द्यावीच लागते. आता १ उरला आणि त्याची चिठ्ठी असेल, तर तो कुणाचा हे सापडतं.

हे ऐकून मला आपल्या तलाठ्याचा चक्क अभिमान वाटला. उताऱ्यावर बोजासमोर सोसायटीचं नाव, रक्कम, फेरफार क्रमांक, सगळं कितीतरी आधीपासून आहे! चिठ्ठी आपल्याकडे पक्की. अडतं ते परत करताना. कर्ज देताना बोजा चढवायची घाई सोसायटीला असते, कारण पैसा तिचा. फिटल्यावर तो उतरवायची घाई कुणालाच नसते. आता बँका-सोसायट्यांना ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करता येतो. पण अर्ज करायचा कुणी? सोसायटी म्हणाली, दाखला दिला, आमचं काम संपलं. वडिलांना वाटलं, दाखला मिळाला म्हणजे बोजा गेला. 'निल' या शब्दानं त्यांना तसंच सांगितलं होतं.

सोमवारी अर्ज दिलाय. नोटीस निघेल, हरकतीचे पंधरा दिवस जातील, मग मंडळ अधिकाऱ्यांकडे नोंद मंजुरीला. गिऱ्हाईक तोवर थांबतो म्हणालाय. तुमच्याही घरात जुना निल दाखला असेल, तर आज सातबारा काढून इतर हक्काचा रकाना एकदा बघा. आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा, तालुक्यात असे किती आहेत याची बातमी करायची आहे.