पंगतीतली माणसे आणि आमचा लॅपटॉप

मंडळी, 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच, बरं का! २००६ साली इथे एम.एस. झालो आणि तेव्हापासून पोटापाण्यासाठी वेबसाइटी बांधतो. त्यामुळे मंडळाच्या सभेत "सभासद नोंदणीचं कोण बघेल?" असा प्रश्न निघाला की सगळ्या माना आपोआप आमच्याकडे वळतात. सौ. म्हणते, "घरातला नळ तीन महिने गळतोय, पण मंडळाचं काम म्हटलं की हे पान्हा घेऊन तयार!" असो.

तर मंडळाची वेबसाइट आम्ही 'रूबी ऑन रेल्स' वापरून बांधली. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा कामात माहितीचे कोठार, म्हणजे डेटाबेस, एक नसतो, तीन असतात. पहिला डेव्हलपमेंटचा, आपल्या लॅपटॉपवरचा. ही आपली ओट्यावरची रोजची लुडबुड. मीठ जास्त पडले तरी कुणाला कळत नाही. दुसरा टेस्टचा. प्रोग्रॅमची परीक्षा इथे होते, आणि परीक्षा झाली की भांडी घासून पालथी. तिसरा प्रॉडक्शनचा, म्हणजे खरा. तिथे पंगत बसलेली असते, तिथे प्रयोग करायचे नाहीत.

अट एकच. तिन्हीकडची भांडी, म्हणजे टेबले आणि त्यांतले कॉलम, सारखी हवीत. ती वेगळी झाली की परीक्षेच्या निकालाला काही अर्थ राहत नाही.

२०२३ च्या दिवाळी कार्यक्रमाच्या नोंदणीत "मुलांसाठी कमी तिखट" असा एक रकाना हवा होता. रात्री अकरा वाजता आम्ही डेव्हलपमेंटच्या टेबलात हातानेच कॉलम घातला. फॉर्म झकास चालला. टेस्ट लावल्या, तर सतरा नापास. कारण एकच, "असा कॉलमच नाही." बरोबरच होते. टेस्टच्या डेटाबेसला आम्ही कुठे काय सांगितले होते?

याची रीत ठरलेली आहे. बदल हाताने करायचा नाही, 'मायग्रेशन' नावाच्या छोट्या फाइलीत लिहायचा. फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ मिळून चौदा आकडे असतात. कोणते मायग्रेशन होऊन गेले याची नोंद प्रत्येक डेटाबेस स्वतःच्या एका टेबलात ठेवतो. ते चालवले की सगळ्या टेबलांचा नकाशा 'स्कीमा' नावाच्या फाइलीत आपोआप उतरतो, आणि टेस्टचा डेटाबेस त्या नकाशावरून उभा राहतो. २०१४ साली आलेल्या ४.१ या आवृत्तीपासून तर टेस्ट लावताना रेल्स स्वतःच हे जुळवून घेते. एक पथ्य मात्र आहे. होऊन गेलेल्या मायग्रेशनमध्ये नंतर खाडाखोड करायची नाही. इतरांचे संगणक "हे झालंय" म्हणून ते पुन्हा बघतच नाहीत. वाण्याच्या खातेवहीसारखेच ते. चुकले तर खोडायचे नाही, खाली नवी ओळ लिहायची.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. ऑफिसात नव्या पोरांना आम्ही हेच कीर्तन ऐकवतो. पण मंडळाचे काम, रात्रीची वेळ, डोळ्यांवर झोप. म्हटले, कोण फायली लिहीत बसणार! खऱ्या डेटाबेसातही तो कॉलम हातानेच घातला, त्याची अख्खी प्रत उतरवली आणि ती दोन्हीकडे ओतली. सतराच्या सतरा टेस्ट पास! आम्ही खुशीत झोपलो. भांड्यांबरोबर पंगतीतली माणसेही आमच्या लॅपटॉपवर येऊन बसली होती, हे काही ध्यानात आले नाही.

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्गणीच्या स्मरणपत्राचे काम आले. टेस्टमध्ये पत्रे बाहेर जातच नाहीत, एका यादीत साठतात. डेव्हलपमेंटमध्ये ही सोय आपली आपण करावी लागते. आम्हाला तर देवनागरी अक्षरे ईमेलमध्ये कशी दिसतात ते बघायचे होते, म्हणून खरी टपाल व्यवस्था जोडली. एकच पत्र स्वतःला धाडायचे होते, पण प्रोग्रॅम सगळ्या सभासदांवरून फिरू लागला. थांबवेपर्यंत एकतीस पत्रे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका काकूंचा फोन आला.

"अरे, ह्यांच्या नावानं मंडळाचं पत्र आलंय. ह्यांची वर्गणी भरायची का रे?"

काका नोव्हेंबरमध्ये गेले होते. अंत्यविधीला आम्हीही होतो. सचिवांनी त्याच आठवड्यात खऱ्या डेटाबेसात सभासदत्व काकूंच्या नावावर केले होते. आमची प्रत मात्र ऑक्टोबरमधली. तिच्यात काका ठणठणीत होते आणि त्यांची वर्गणी बाकी होती.

"काकू, माझी चूक झाली," एवढेच कसेबसे म्हणालो.

"असू दे. ह्यांची ईमेल मी रोज उघडते. नुसत्या जाहिराती असतात. काल नाव घालून पत्र आलं, म्हणून वाटलं, विचारावं."

शनिवारी सौ. आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो. काय घडले ते सगळे सांगितले. लॅपटॉप, प्रत, ऑक्टोबर. काकूंनी शांतपणे ऐकले, चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या यंत्रात हे अजून आहेत म्हणायचे."

आम्ही मान खाली घालून चहा प्यालो.

त्या रात्री पहिल्यांदा तो कॉलम रीतसर मायग्रेशनमध्ये लिहिला. मग चाचणीसाठी खोटे सभासद तयार केले, श्री. नमुने, सौ. चाचणे वगैरे. त्यांचे पत्ते 'एक्झाम्पल डॉट कॉम'वरचे. हे नाव १९९९ पासून अशा नमुन्यांसाठीच राखून ठेवलेले आहे. जुळवायचा तो नकाशा. माणसे ज्याच्या त्याच्या ठिकाणी राहू द्यावीत, हे इतकी वर्षे या धंद्यात काढून आम्हाला एका फोनवर कळले.

वाचकहो, तुम्ही प्रोग्रॅमर नसाल तरी एक करा. कधीकाळी कार्यकारिणीत असाल, तर सभासदांची एखादी जुनी यादी तुमच्या संगणकात पडून असेलच. ती शोधून पुसून टाका. आम्हीही आमची प्रत पुसली. "नक्की पुसायची का?" असे संगणकाने विचारले, तेव्हा काकूंचे ते वाक्य आठवून बोट जरा थबकले, एवढेच.